बॅटरी का उतरते?



दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' नावाचा जो पाठ आहे, त्यात विद्युत जनित्राची एक आकृती दिलेली आहे. ही आकृती सुबक काढणारे व तिच्या भागांस बिनचूक नावे देणारे विद्यार्थी आपल्या शाळेत दरवर्षी पुष्कळ निघतात. परंतु हे जनित्र तुम्ही प्रत्यक्ष कोठे पाहिले आहे काय, असे विचारले असता बहुतेकांची दृष्टी खिडकीबाहेर विजेच्या खांबाकडे जाते. त्याच खिडकीखाली शिक्षकांच्या मोटारसायकली उभ्या असतात आणि त्या प्रत्येकीच्या पोटात एकेक जनित्र फिरत असते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी येत नाही. खरे सांगावयाचे तर हा पाठ कित्येक वर्षे शिकवूनही ती माझ्याही नीटशी ध्यानी आली नव्हती. ज्या प्रसंगाने आली, तो येथे सांगावा असे योजिले आहे.

आपल्या वसतिगृहात जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांतील मुले बरीच आहेत. त्यांपैकी खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावरील एक विद्यार्थी पाठ संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सर, आमच्या दादाची गाडी बॅटरी खाते." दोन वर्षांत तिसरी बॅटरी बसविली होती. गाडी बंद पडली की दादा ती बाजारच्या दुकानी न्यावी, दुकानदाराने बॅटरी 'गेली' म्हणावे आणि नवी बसवावी, असा क्रम चालला होता. एका बॅटरीस हजार रुपयांवर दाम पडतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबास तो उचलीतून द्यावा लागतो, व उचल म्हणजे पुढील घामाचे आधीच घेतलेले पैसे, हे त्या मुलास मजपेक्षा अधिक ठाऊक होते. मार्ककृत शुभवर्तमानात बारा वर्षे दुखणे भोगणाऱ्या एका स्त्रीची हकीकत आहे. तिचे सर्व द्रव्य वैद्यांपायी खर्च झाले व गुण मात्र आला नाही. ती हकीकत मला त्या वेळी आठवली.

केवळ पैशांचा प्रश्न असता तर गोष्ट निराळी. त्या पाड्यात दादाची एकच गाडी. गेल्या पावसाळ्यात एका रात्री शेजाऱ्याचे तापाने फणफणलेले मूल व त्याची आई यांना घेऊन तो मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघाला असता वाटेत दिवा पिवळा पडत पडत मालवला आणि मागोमाग इंजिनही बंद झाले. उरलेली वाट मोबाइलच्या उजेडात, भर पावसात, गाडी ढकलीत काढावी लागली. मूल वाचले. तथापि तेव्हापासून दादा रात्री कोणास नेण्यास कचरू लागला होता.

मी मुलास म्हटले, "दादाला शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन ये म्हणावे. चौथी बॅटरी मात्र तोवर घेऊ नये."

आता परीक्षा कशी केली हे सांगण्यापूर्वी या यंत्राची रचना थोडक्यात पाहू. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला असता वेटोळ्यात विद्युतधारा उत्पन्न होते, हे मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली दाखविले. मोटारसायकलीत इंजिनच्या दांड्याच्या एका टोकास वाडग्याच्या आकाराचा एक भाग बसविलेला असतो व त्याच्या आतील कडेस चुंबक असतात. आपल्याकडील मिस्त्री त्याला 'मॅग्नेट'च म्हणतात. त्याच्या आत, न फिरणारी, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांची एक चकती असते, ती 'कॉइल प्लेट'. इंजिन फिरले की वाडगा फिरतो आणि वेटोळ्यांत प्रत्यावर्ती विद्युतधारा निर्माण होते. ती बाहेर आणणाऱ्या वायरी दादाच्या गाडीत तीन होत्या व तिन्ही पिवळ्या होत्या.

बॅटरीस प्रत्यावर्ती धारा चालत नाही. तिला एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट, धारा लागते. हे रूपांतर करणारी आणि विभवांतर साडेचौदा व्होल्टांच्या आसपास रोखून धरणारी अ‍ॅल्युमिनियमची एक पेटी मध्ये बसविलेली असते. तिला मिस्त्री 'रेग्युलेटर' किंवा 'आरआर' म्हणतात. तिला ज्या पात्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. पुष्कळ गाड्यांत जास्तीची वीज ही पेटी आपल्या अंगी उष्णतेच्या रूपाने जिरविते व पात्यांवाटे वाऱ्यास देते. म्हणून मोखाड्याच्या रस्त्यावरील लाल चिखल या पात्यांत थापला गेला असता तो वरचेवर खरवडून काढावा. शेवटी बॅटरी. फ्रान्समधील गॅस्टन प्लाँटे यांनी 1859 साली बनविलेल्या शिशाच्या घटाचेच ते सुधारलेले रूप असून तिच्यात सहा घट असतात. पुरता भरलेला प्रत्येक घट सुमारे 2.1 व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टांच्या वर दाखविते.

उन्हाळ्यात मोखाड्याकडील घरांत पाण्याचा रांजण कसा जपतात, हे तुम्हांस सांगावयास नको. रांजण रिकामा दिसला म्हणून कोणी लगेच नवा रांजण विकत आणीत नाही. त्याला चीर गेली आहे काय, झऱ्यावरून पाणी येणेच कमी झाले आहे काय, की रात्री कोणी तांब्याने उपसून नेत आहे, हे आधी पाहतात. बॅटरी हा विजेचा रांजण होय. ती उतरली, एवढ्यावरून ती फुटली असे ठरत नाही.

येथे एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. 1 एप्रिल 2017 पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत, दिवसाही, पेटताच राहावा असा नियम आहे. दादाची गाडी त्यानंतरची. दिवा 35 वॅटचा म्हणजे बारा व्होल्टांवर सुमारे 3 अँपिअर. मागील दिवा व ठिणगीची यंत्रणा धरून 4 अँपिअर समजा. बॅटरीवर '5 अँपिअर-तास' असे छापले होते. म्हणजे वीज भरणे अजिबात थांबले तर नवी बॅटरीही सव्वा तासात रिकामी होईल. जव्हारहून मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक या मार्गाने नाशिक सुमारे 80 किलोमीटर. तेवढ्या वेळात तेथे पोचणे नाही. पूर्वीच्या पुष्कळ गाड्या बॅटरी मेली तरी किकने किंवा उतारावर ढकलून सुरू होत. 1 एप्रिल 2020 पासून धुराविषयीचे नवे नियम लागू झाले व बहुतेक गाड्यांत पेट्रोल विजेच्या पंपाने फवारले जाऊ लागले. तेथे बॅटरी मेली म्हणजे ढकलण्याचे श्रमही बहुधा वायाच.

दादा शुक्रवारी सांजेस आला. आम्ही प्रथम सीट काढून मल्टिमीटर लावला, तो 11.9 व्होल्ट दाखवू लागला. बॅटरी जवळजवळ रिकामी. अशा स्थितीत केलेली कोणतीही पुढील परीक्षा फसवी ठरते, कारण उपाशी बॅटरी सर्वच आकडे खाली ओढते. म्हणून रात्रभर ती चार्जरवर लावली. धारा अर्धा अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाची; घाईने जास्त धारा देऊ नये. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेविल्या होत्या, कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व त्यास ठिणगी वैरी. बॅटरी काढताना ऋण टोकाची वायर आधी सोडावी आणि बसविताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना गाडीच्या लोखंडास लागला तरी ठिणगी उडत नाही.

शनिवारी सकाळी चार्जर काढून दोन तास ती तशीच राहू दिली. भरून काढल्याबरोबर मोजल्यास आकडा फुगलेला येतो. दोन तासांनी 12.7 व्होल्ट आले. गाडीत बसवून सेल्फचे बटण दाबले, तेव्हा आकडा 10.4 पर्यंत उतरून पुन्हा वर आला. साडेनऊच्या खाली गेला असता तर बॅटरी दुबळी म्हटली असती. तिसरी बॅटरी, तात्पर्य, धडधाकट होती. रांजणास चीर नव्हती.

मग रात्रीच्या चोराचा तपास. किल्ली बंद ठेवून, ऋण टोकाची वायर सोडून, ती व बॅटरी यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावावयाचा. येथे आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याने जे केले ते इतरांच्या हितासाठी सांगतो. अँपिअर मोजण्यासाठी मीटरची लाल वायर निराळ्या भोकात घालावी लागते. त्याने ती घातली, मोजणी केली, आणि मग वायर परत न फिरविताच बॅटरीचे व्होल्ट पाहण्यास दोन्ही टोकांवर सुया टेकविल्या. फट्‌ असा आवाज झाला व मीटरचा फ्यूज गेला. तसे केल्याने बॅटरीची दोन्ही टोके जणू तारेने एकमेकांस जोडली जातात. त्याने दुपारी सायकलवर जाऊन नवा फ्यूज आणला. शिक्षा म्हणून नव्हे, दुसरा कोणी मोकळा नव्हता म्हणून.

मोजणी मात्र झाली होती. गाडी बंद असता 22 मिलिअँपिअर धारा वाहत होती. हँडलवर मोबाइल भरण्यासाठी एक चार्जर बसविला होता आणि त्याची वायर किल्लीला न जोडता सरळ बॅटरीस जोडलेली. पाड्यावर वीज जाते तेव्हा सगळ्यांचे मोबाइल याच गाडीवर भरतात, असे दादाने सांगितले. ती वायर सोडताच आकडा एका मिलिअँपिअरच्या खाली आला. दादा हर्षाने म्हणाला, "सर, सापडला चोर!"

मुलांनाही तसेच वाटले. मी फळ्यावर भागाकार करावयास सांगितला. 5 अँपिअर-तास म्हणजे 5000 मिलिअँपिअर-तास. त्यास 22 ने भागले असता 227 तास, म्हणजे साडेनऊ दिवस. आवणीच्या दिवसांत गाडी पंधरवडा उभी राहते, तेव्हा एवढा चोर बॅटरी पुरती रिकामी करील यात संशय नाही. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीत शिशाचे सल्फेट कठीण होऊन बसते व ती पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही. पहिली बॅटरी बहुधा अशीच गेली असावी. परंतु एरवी गाडी रोज चालत असता तीन-चार दिवसांत दिवा मंद होत असे, त्याचा उलगडा या चोराने होत नव्हता. एक दोष सापडला की शोध थांबविण्याचा मोह होतो. मलाही तो झाला होता, हे कबूल करतो.

गाडी बाहेर गुलमोहराखाली नेली. बंद खोलीत इंजिन चालवू नये, त्याच्या धुरातील वायूने मनुष्य नकळत बेशुद्ध होतो. इंजिन मंद चालत असता बॅटरीच्या टोकांवर 12.3 व्होल्ट आले. वेग वाढवून, मिनिटास चार-पाच हजार फेरे होतील इतका केला, तर 12.9. येथे साडेतेरा ते साडेचौदा यावयास हवे होते. पंधराच्या वर गेले असते तर दोष उलट दिशेचा: रेग्युलेटर धारा रोखीत नाही, बॅटरीतील पाणी आटते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब उडतात. आमचा प्रकार तो नव्हे. जुन्या बुलेट गाड्यांच्या पुढील दिव्यावर अँपिअर दाखविणारा एक लहान काटा असे. तो उजवीकडे झुकला की वीज भरते आहे, डावीकडे झुकला की उतरते आहे, हे स्वारास चालत्या गाडीवर समजे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांवर पेट्रोलचा काटा असतो, पण हा नसतो. मला ही काटकसर अनाकलनीय वाटते.

आता झऱ्याकडे वळलो. कॉइल प्लेटच्या तीन पिवळ्या वायरी जेथे रेग्युलेटरच्या वायरींस मिळतात, तेथे प्लॅस्टिकचा एक कपलर असतो. तो सोडून प्लेटच्या बाजूच्या वायरी मोजल्या. इंजिन बंद असता दोन-दोन वायरींमधील रोध तिन्ही जोड्यांत सारखा, 0.7 ओहम. मीटरच्या सुया एकमेकींस टेकविल्या तरी 0.2 दाखवीत होत्या, म्हणून खरा रोध 0.5 धरावा, ही वजाबाकी पुष्कळजण विसरतात. कोणतीही पिवळी वायर व गाडीचे अंग यांत संबंध दिसला नाही. दिसला असता तर वेटोळ्यावरील लाख जळून तार उघडी पडली, असे म्हणावे लागले असते. मग इंजिन चालवून, मीटर प्रत्यावर्ती व्होल्टांवर ठेवून, तिन्ही जोड्या पाहिल्या: 48, 48, 47. आकडा गाडीगणिक बदलतो. तो तिन्ही जोड्यांत सारखा येणे व वेगाबरोबर वाढणे महत्त्वाचे. झरा वाहत होता.

झरा वाहतो, रांजण शाबूत, आणि रांजणात पाणी नाही. "म्हणजे रेग्युलेटर गेला," असे वर्गातील तीन-चार आवाज एकदम उठले. दुकानातही हाच निर्णय झाला असता व आणखी एका बॅटरीइतके पैसे गेले असते. रेग्युलेटर काढून डायोडच्या मोजणीवर तपासला. एका दिशेस आकडा, उलट दिशेस काही नाही, असे योग्य तेच उत्तर मिळाले. ही परीक्षा सर्व गाड्यांच्या रेग्युलेटरांस सारखी लागू पडत नाही, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नये.

राहिला तो कपलर. तो पुन्हा जोडून, त्याच्या मागील बाजूने, वायरींच्या कडेने टाचण्या आत सारल्या. एक टाचणी सांध्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. इंजिन चालवून प्रत्येक सांध्यावर किती व्होल्ट 'सांडतात' हे पाहिले. दोन वायरींवर दशांश व्होल्टही नव्हता. तिसरीवर अडीच व्होल्ट!

कपलर उघडून उजेडात धरला, तेव्हा तिसऱ्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन विरघळलेले दिसले. पितळेची पिन काळी पडली होती आणि तिच्या बुडाशी हिरवी पूड जमली होती. सकाळी आम्ही तोच कपलर हातात घेतला होता, पण त्यावर चिखल होता व आमचे लक्ष मीटरकडे होते.

येथे एका मुलीने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "सर, कपलर सोडून मोजले तेव्हा तिन्ही वायरी सारख्या होत्या. मग तिसरी खराब कशी?" नळाची तोटी बंद असता अर्धवट बुजलेल्या नळातही पाण्याचा दाब पुरता भरतो; तोटी उघडली म्हणजे मग धार बारीक असल्याचे कळते. मीटर अगदी नाममात्र धारा घेतो, म्हणून त्याच्यापुढे खराब सांधाही चांगल्यासारखा दिसू शकतो. शिवाय सकाळी आम्ही सांध्याची एकच बाजू मोजली होती, सांधा मोजलाच नव्हता. सांध्याचा रोध धारा वाहू लागली म्हणजे प्रकट होतो. अडीच व्होल्ट व सुमारे तीन अँपिअर यांचा गुणाकार साडेसात वॅट. रात्री लावून ठेवण्याच्या लहानशा दिव्याइतकी ही उष्णता भाताच्या दाण्याएवढ्या पिनेत कोंडलेली! प्लॅस्टिक विरघळले यात नवल नाही. पिन प्रथम किंचित सैल झाली असावी, मग पावसाचे पाणी शिरले, रोध वाढला, रोधाने उष्णता, उष्णतेने पिन आणखी सैल. तीन वायरींपैकी एक अशी लंगडी झाल्यामुळे सपाट रस्त्यावर वेगात गाडी कसाबसा आपला खर्च भागवी. पाड्याच्या कच्च्या वाटेवर, सावकाश, दिवा लावून चालली की रांजणातले काढून खाई.

दुपारून नवा कपलर आणला. त्यास बॅटरीच्या किमतीच्या विसाव्या हिश्शाइतकेही पैसे पडले नाहीत. वायरींचा काळवंडलेला भाग लख्ख तांबे दिसेपर्यंत कापून काढला, नव्या पिना दाबून डाग दिला, पिनांस थोडे व्हॅसलीन लावले व कपलर चिखल उडणार नाही अशा जागी उंच बांधला. मोबाइलच्या चार्जरची वायर किल्लीनंतरच्या फ्यूजवर घेतली. दादाचे म्हणणे असे की आता रात्री गाडी बंद ठेवून पाड्याचे मोबाइल भरता यायचे नाहीत. ही अडचण खरी आहे व तिला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

इंजिन पुन्हा चालविले. मंद गतीस 13.4. वेग वाढविल्यावर 14.2, आणि तेथेच स्थिर. मुलांनी टाळ्या वाजविल्या. दादा मात्र काही न बोलता बराच वेळ मीटरच्या आकड्याकडे पाहत उभा होता. मग त्याने विचारले, "सर, जुन्या दोन बॅटऱ्या घरी पडून आहेत. त्यांतली एखादी चांगली असेल का?" पुढील रविवारी त्याने त्या आणल्या. पहिली कितीही भरली तरी रात्रीतून 11 व्होल्टांवर उतरे. ती मोडीत गेली. दुसरी भरून, विसाव्यानंतर, 12.6 वर टिकली. ती त्याने घरी दिव्यासाठी ठेविली आहे.

त्या दिवशीचे सर्व आकडे मुलांनी प्रयोगवहीत लिहिले असून ती वही प्रयोगशाळेत पाहावयास मिळेल. मल्टिमीटर दुसऱ्या कपाटात आहे. सुटीत घरी नेऊ इच्छिणाऱ्याने नोंदवहीत नाव लिहून न्यावा आणि परत ठेविताना लाल वायर व्होल्टांच्या भोकात आहे ना, हे पाहावे.